चिंचेच्या पाटीवरचं ‘इंडिका’

बाई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शाळेच्या आवारातल्या झाडांना तुम्ही मुलांकडून नावाच्या पाट्या करून घेताय. आंबा मँजिफेरा इंडिका, चिंच टॅमरिंडस इंडिका, कडुनिंब ॲझाडिराक्टा इंडिका. तिन्हींच्या शेवटी ‘इंडिका’ पाहून मुलांनी विचारलं, की ही तिन्ही मूळची भारतातली का? कुंपणाशी लावलेल्या तिळाचं नाव शोधलं तर तिथे ‘इंडिकम’ निघालं. त्यातच कुणीतरी सांगितलं, की इंडिका म्हणजे ‘दर्शवणारी’, इंडिकेटमधलं इंडिका. तेव्हा या शब्दाचा खरा अर्थ काय आणि पाटीवर ‘मूळ भारतीय’ लिहावं की नाही, हे तुम्हाला हवंय.

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आणि वाळवलेल्या नमुन्यांच्या कागदांवर नावं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. या एका विशेषणाइतका गैरसमज दुसऱ्या कुठल्या शब्दाबद्दल मी पाहिला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. ‘इंडिकस, इंडिका, इंडिकम’ हे एकच लॅटिन विशेषण आहे, त्याची ही तीन लिंगांतली रूपं. अर्थ ‘इंडियाचा, इंडियाची, इंडियाचं’. पण नाव देणाऱ्याच्या मनातली ‘इंडिया’ आणि आजचा आपला देश एकच असतील, असं धरून चालू नका. तो शब्द जन्माचा दाखला म्हणून वाचायचा नसतो.

आता शब्दाचं मूळ. ते एका नदीत आहे. संस्कृतात ‘सिंधु’ म्हणजे नदी, समुद्र आणि विशेषकरून ती एक मोठी नदी. तिच्या पलीकडच्या इराणी भाषांत शब्दाच्या सुरुवातीच्या आणि दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘ह’ होई. आपला ‘सोम’ तिकडे ‘हओम’, आपला ‘असुर’ तिकडे ‘अहुर’. याचा एक पुरावा तर रोजच्या मराठीत आहे. गावात नामसप्ताह बसतो त्याला आपण ‘सप्ता’ म्हणतो आणि कर्जाचा भरतो तो ‘हप्ता’. दोन्ही ‘सात’वरून आलेले. एक संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून. सप्ता-हप्ता जसे, तसेच सिंधु-हिंदु. इराणच्या दारयवहु राजाच्या शिलालेखांत त्याच्या ताब्यातल्या प्रांतांच्या यादीत ‘हिंदुश’ हे नाव कोरलेलं आहे. ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची.

इराणी साम्राज्याच्या पश्चिम टोकाला, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, आयोनियन ग्रीक राहत. त्यांच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ उच्चारलाच जात नसे. हिंदुशचा त्यांनी ‘इंदोस’ केला. नदी इंदोस, देश इंदिया, विशेषण ‘इंदिकोस’. रोमन लोकांनी ते तसंच उचललं आणि लॅटिनच्या सवयीप्रमाणे शेवट बदलला: इंदिकुस. मी मुद्दाम ‘द’ लिहितोय. लॅटिनमधला तो वर्ण आपल्या दंत्य ‘द’सारखा होता. ‘ड’ आपल्याकडे इंग्रजीतून आला. मुलांना ‘इंडिका’ म्हणू द्या, सगळं जग तसंच म्हणतं. फक्त आघात पहिल्या अक्षरावर पडू द्या. ‘इंडीऽका’ असं मधलं अक्षर लांबवू नका, ते ऱ्हस्व आहे.

शेवटचा ‘-इकोस’ हा प्रत्ययही परका नाही. धर्म-धार्मिक, समाज-सामाजिक, लोक-लौकिक यांत आपण लावतो तो ‘-इक’ आणि ग्रीक ‘-इकोस’, लॅटिन ‘-इकुस’ हे एकाच भाषाकुळातले भाऊबंद आहेत. म्हणजे इंडिका या शब्दाचं मूळही आपलं आणि प्रत्ययही ओळखीचा. मधला प्रवास तेवढा परदेशातला.

याच नदीवरून संस्कृतानंही स्वतःचं विशेषण केलं: सैंधव, म्हणजे सिंधूकाठचं. तिकडून मीठ यायचं आणि घोडेही यायचे, म्हणून ‘सैंधव’ शब्दाला दोन्ही अर्थ चिकटले. एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवताना संस्कृतातले जुने पंडित हेच उदाहरण घेत: जेवताना धनी म्हणाला ‘सैंधव आण’ तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हणाला तर घोडा. मराठीत त्याचंच ‘शेंदेलोण’ झालं. उपासाला तुम्ही जे गुलाबीसर मीठ वापरता, त्याचं नाव आणि आंब्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द ही एकाच नदीची दोन विशेषणं आहेत. वर्गात हे सांगताना मी शेंदेलोणाचा खडा खिशातून काढून टेबलावर ठेवत असे आणि शेजारी आंब्याचं पान. मुलं पुढचं कधी विसरत नसत.

आता ‘दर्शवणारी’बद्दल. ही समजूत चुकीची आहे, पण ती कुठून येते ते पाहण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये ‘दाखवणं, बोट करणं’ या अर्थाचं एक क्रियापद आहे: इंदिकारे. इंग्रजी इंडिकेट, इंडिकेटर, इंडेक्स हे सगळे त्या घरातले. तो शब्द ‘इन’ आणि ‘दिक्’ असा फुटतो आणि त्यातला ‘दिक्’ म्हणजे आपला ‘दिश्’ धातू, ज्यावरून दिशा, देश, निर्देश, आदेश आले. तर इंडिकेटचं भावंड ‘निर्देश’ आणि इंडिकाचं भावंड ‘सैंधव’. कागदावर अक्षरं सारखी दिसतात, पण घराणी वेगळी. आंब्याचं झाड कशाकडेही बोट दाखवत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती पडण्याआधी हे विशेषण रोममध्ये चांगलं रुळलेलं होतं. नाटककार टेरेन्सच्या ‘युनुखस’ या नाटकात, म्हणजे इसवी सनापूर्वी १६१ साली, एका माणसाची ओळख ‘इंडिक हत्तींवर नेमलेला’ अशी करून दिली आहे. रोमन प्रेक्षकाला हा शब्द ऐकला की पहिल्यांदा हत्ती, हस्तिदंत आणि शिसवीसारखं काळं लाकूड डोळ्यांपुढे येत असणार. कवितेत ते ‘इंदुस’ असं आखूड विशेषणही वापरत. व्हर्जिलनं महाकाव्यात हस्तिदंताला तेच लावलं आहे. आणि माहुताला लॅटिनमध्ये सरळ ‘इंदुस’ म्हणत, मग तो कुठल्याही गावचा असो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. देशाचं नाव वस्तूला आणि धंद्याला चिकटून मूळ जागेपासून सुटून जाण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

स्पर्धापरीक्षा देणारी मुलं विचारतात, की मेगॅस्थेनिसचं ‘इंडिका’ ते हेच का? शब्द हाच, रूप वेगळं. ग्रंथाचं नाव ग्रीक आहे आणि तिथे ते नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, ‘इंडियाविषयीच्या गोष्टी’ असा अर्थ. आंब्यातलं इंडिका लॅटिन, स्त्रीलिंगी एकवचन, ‘इंडियाची’. दिसायला तंतोतंत सारखी, व्याकरणात दोन वेगळ्या खणांत बसणारी. पिंपरी-चिंचवडला तयार झालेल्या गाडीमुळे १९९८ नंतर हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी गेला. माझ्या वर्गात तर गाडी आधी आणि आंबा मागून असं होऊ लागलं.

नपुंसकलिंगी एकवचनाची कहाणी मला सगळ्यांत जास्त आवडते. आपल्याकडून रोमला निळा रंग जाई. त्याला ते नुसतं ‘इंडिकुम’ म्हणत, ‘इंडियाचं ते’. नाम गळून पडलं आणि विशेषणच वस्तूचं नाव झालं, जसं आपण ‘थंड घेणार का?’ म्हणतो तेव्हा पेय हा शब्द बोलावा लागत नाही. रोमन लेखक प्लिनीनं या रंगाबद्दल लिहिलं आहे. त्या इंडिकुमचाच पुढे ‘इंडिगो’ झाला, म्हणजे आपली नीळ. १८६३ साली जर्मनीत राइश आणि रिष्टर या दोघांना खनिज तपासताना वर्णपटात निळीच्या रंगाची एक रेषा दिसली, ती तोवर ठाऊक असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. त्या रंगावरून नव्या धातूचं नाव ठेवलं इंडियम. आज मोबाइलच्या काचेवर बोट फिरतं तिथे याच इंडियमच्या ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो. एवढ्या अंगांनी फिरून सिंधू नदीचं नाव आपल्या बोटाखाली आलंय.

आता तुमच्या तिळाकडे येतो: इंडिका की इंडिकम? हे समजायला मराठी माणसाला फार सोपं आहे. हिंदीत नपुंसकलिंग उरलेलं नाही, इंग्रजीत विशेषण बदलतच नाही, पण आपल्यासारखीच लॅटिनमध्ये तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाच्या मागे चालतं. इकडचा, इकडची, इकडचं. इंडिकस, इंडिका, इंडिकम. तिळाच्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव ‘सेसमम’ नपुंसकलिंगी, म्हणून सेसमम इंडिकम. ‘मँजिफेरा’ स्त्रीलिंगी, म्हणून इंडिका. आपल्या हत्तीची उपजाती इंडिकस, कड्यांवर घरटी करणारं भारतीय गिधाड जिप्स इंडिकस, पण साळिंदर हिस्ट्रिक्स इंडिका, कारण तिथलं पहिलं नाम स्त्रीलिंगी आहे. नर साळिंदर आणि मादी साळिंदर यांच्याशी याचा संबंध नाही. हे शब्दाचं लिंग आहे, प्राण्याचं नव्हे. आपल्याकडे मांजर नपुंसकलिंगी असतं, तसंच.

मग चिंचेचं काय? ‘टॅमरिंडस’चा शेवट ‘-अस’ आहे. मग ‘इंडिकस’ का नाही? विद्यार्थी असताना मी स्वतः माझ्या पहिल्या नमुन्याच्या कागदावर ‘टॅमरिंडस इंडिकस’ असंच लिहिलं होतं. आमच्या सरांनी कागद हातात घेतला, खिशातली शिसपेन्सिल काढली, शेवटचा ‘स’ खोडून ‘का’ केला आणि म्हणाले, ‘रोमन माणसाला झाड म्हटलं की ती बाई.’ लॅटिनमध्ये झाडांची नावं, शेवट पुल्लिंगी दिसला तरी, परंपरेनं स्त्रीलिंगी धरतात. फायकस, पायनस, क्वर्कस सगळी स्त्रीलिंगी. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा आहे, रिलिजिओसस नाही. नामकरणाच्या नियमांनीही ही परंपरा मान्य केली आहे. तो पेन्सिलीचा खोडलेला ‘स’ मला आजही दिसतो. व्याकरण समजून घेतल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं.

एक सावधगिरी: दुसरा शब्द नेहमीच विशेषण असतो असं नाही. अर्जुनाचं झाड टर्मिनालिया अर्जुना, तिथे दुसरा शब्द संस्कृत नाम आहे, तो बदलत नाही. तुमच्या पाट्यांत जांभूळ असेल तर सिझिजियम क्युमिनी, तिथे षष्ठी आहे. नियम लावण्याआधी शब्दाची जात पाहावी.

आता कळीचा मुद्दा: चिंच भारतातली आहे का? नाही. तिचं मूळ उष्णकटिबंधी आफ्रिकेत आहे. आपल्याकडे ती इतक्या जुन्या काळी आली, की संस्कृतात तिला चिंचा, तिंतिडी अशी नावं आहेत, आणि गावाच्या वेशीवरची चिंच परकी आहे हे सांगितलं तर कुणाला पटतही नाही. अरब व्यापारी तिचा वाळवलेला गर आपल्या किनाऱ्यावरून नेत. गोळा करून दाबलेली काळसर, चिकट चिंच त्यांना खजुरासारखी दिसली. त्यांनी तिला ‘तमर हिंदी’ म्हटलं, हिंदचा खजूर. त्याचंच युरोपात ‘टॅमरिंडस’ झालं. म्हणजे पहिल्याच शब्दात ‘हिंद’ आहे! त्यावर दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यानं १७५३ साली ‘इंडिका’ जोडलं. पूर्ण नावाचा अर्थ झाला ‘हिंदचा खजूर, इंडियाची’. एका आफ्रिकी झाडाच्या नावात आपला देश दोनदा, एकदा अरबीतून आणि एकदा ग्रीकमधून.

लिनियसला फसवलं म्हणावं तर तसंही नाही. त्यानं त्याच नोंदीत लिहिलं आहे, की हे झाड भारतात, अमेरिकेत, इजिप्तमध्ये आणि अरबस्तानात आढळतं. त्याला माहीत होतं की ते अनेक ठिकाणी आहे. स्वीडनच्या बाहेर तो फार दूर कधी गेला नाही, आशियात तर नाहीच. त्याच्यापुढे होते ते वाळवलेले नमुने आणि पूर्वीच्यांनी केलेली पुस्तकं. त्यांतलं एक मोठं पुस्तक आपल्या किनाऱ्यावरचं: कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे यानं करवून घेतलेलं ‘हॉर्टस मलबारिकस’, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला १२ खंडांत छापलेलं. त्याच्या कामात इट्टी अच्युतन हा वैद्य होता आणि रंगा भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. या तिघांनी १६७५ साली दिलेलं प्रशस्तिपत्र पुस्तकात नागरी लिपीत छापलेलं आहे. त्याआधी शंभरेक वर्षं, १५६३ साली, गार्सिया द ऑर्टाचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं होतं आणि त्यातही चिंचेवर प्रकरण आहे. युरोपला चिंचेची ओळख आपल्या किनाऱ्यावरून झाली. म्हणून तिला ‘इंडियाची’ म्हटलं. जिथून हातात आली तिथलं नाव पडलं.

आपणही तेच करतो. चिंचेशेजारीच विलायती चिंच उभी असते. विलायत म्हणजे मराठीत गोऱ्या साहेबाचा देश. ते झाड मात्र मेक्सिकोकडचं. इंग्रज तिला मनिलाची चिंच म्हणतात, कारण त्यांच्या नजरेत ती फिलिपिन्सहून आली. ‘विलायती’ या विशेषणाचा अर्थ आपण ‘बाहेरून आलेली’ एवढाच घेतो आणि कुणाचं काही अडत नाही. इंडिकाही असंच वाचावं.

त्यातून सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात ‘इंडिया’ हा शब्द किती ऐसपैस होता ते पाहा. सिंधूपासून जावा-सुमात्रापर्यंत सगळा मुलूख त्यात येई, कधी कधी चीन-जपानही, कारण माल एकाच डच किंवा स्वीडिश कंपनीच्या जहाजातून यायचा. आणि कोलंबसच्या १४९२च्या चुकीमुळे अमेरिकेजवळची बेटंही ‘इंडीज’ झालेली. त्यामुळे असं झालं: ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम मूळचं जपानचं. टॅपिरस इंडिकस हा काळा-पांढरा प्राणी मलाया-सुमात्राचा, आपल्या जंगलात तो नाही. तुमच्या शाळेच्या नळाजवळ कर्दळ असेलच, ती कॅना इंडिका, आणि ती अमेरिकेची. फड्या निवडुंगाच्या कुळातला ओपन्शिया फायकस-इंडिका म्हणजे शब्दशः ‘इंडियाचं अंजीर’, तोही मेक्सिकोचा.

तिळाचं मात्र नाव सार्थ आहे. तिळाची लागवड भारतीय उपखंडातच सुरू झाली, त्याचा रानटी पूर्वज इथलाच आणि हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळाले आहेत. आंब्याचं मूळ ईशान्य भारत, बांगलादेश, म्यानमार या पट्ट्यात मानतात, त्यामुळे त्याचं इंडिकाही योग्यच. मँजिफेरा म्हणजे ‘आंबे धरणारी’. ‘मँगो’ हा शब्द मलयाळम-तमिळमधून पोर्तुगीजांच्या तोंडी गेला आणि त्याला ‘धरणारी’ या अर्थाचा लॅटिन शब्द जोडला. कडुनिंबाचं नाव लिनियसनं वेगळं ठेवलं होतं, मेलिया ॲझाडिराक्टा. आजचं नाव १८३० साली द ज्यूस्यूनं दिलं. ‘आझाद दरख्त’ हे फारसी शब्द आहेत, ‘मुक्त किंवा थोर झाड’. म्हणजे पहिला शब्द फारसी, दुसरा लॅटिन, झाड भारत-म्यानमारकडचं.

तुम्ही विचाराल, चूक कळलीय तर चिंचेचं इंडिका काढून टाकत का नाहीत? कारण नियम तसं करू देत नाहीत. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत कलम ५१ आहे: अर्थानं अयोग्य आहे एवढ्याच कारणावरून रीतसर दिलेलं नाव फेटाळता येत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या एका कंदाला ‘पेरूविआना’, म्हणजे ‘पेरू देशाची’, म्हटलं गेलं, अमेरिकेच्या वाळवंटातल्या होहोबा या झुडपाला ‘चायनेन्सिस’, म्हणजे ‘चीनची’. ती नावं तशीच आहेत. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. नाव हे वर्णन नसून खूण आहे. ज्ञान वाढलं की दर वेळी खूण बदलायची ठरवली, तर दोनशे वर्षांची पुस्तकं, औषधांच्या याद्या, बियाण्यांच्या पिशव्या एकमेकांशी बोलेनाशा होतील. मोठा अपवाद अलीकडे, २०२४ साली माद्रिदच्या अधिवेशनात झाला. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी ज्या ‘काफ्रा’ विशेषणात होती, ते दोनशेहून अधिक नावांत ‘आफ्रा’ करायचं ठरलं. माणसाचा अपमान हे कारण वेगळं आणि भूगोलाची चूक हे कारण वेगळं.

तांदळाबद्दल दोन वाक्यं, कारण मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात येतं. १९२८ साली जपानी शास्त्रज्ञ काटो यांनी भाताचे इंडिका आणि जापोनिका असे दोन गट केले. इथेही देशाचं नाव शब्दशः घेऊ नका. भारताचा अभिमान असलेली बासमती जनुकीय तपासणीत जापोनिकाच्या अधिक जवळची निघाली. भांगेच्या बाबतीत लामार्कनं १७८५ साली भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मांडली. लिनियसची आधीची सटायव्हा, म्हणजे ‘पेरून घेतलेली’. परदेशी बाजारात हल्ली हे दोन शब्द नशेचे प्रकार म्हणून वापरतात, त्याचा या विशेषणांच्या अर्थाशी काही संबंध नाही.

आता ज्या एका इंडिकासाठी मी पायपीट केली तिच्याबद्दल लिहितो. जुन्नरच्या बाजूला, शिवनेरीच्या कड्यावर, पावसाळ्यात कातळाच्या खाचेत एक मांसल खोडाची, बोटाएवढ्या जाडीची वनस्पती लोंबकळते: शिंदळ माकुडी. हिच्या नातेवाइकांची खोडं बिनपानांची असतात, हिला मात्र पावसाळ्यात पानं येतात. फूल चांदणीसारखं, तांबडं, मध्ये पिवळी नक्षी. जवळ नाक नेलं की कुजका वास येतो, तो माश्यांसाठी असतो. जगात ही फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत आहे. १८६०च्या दशकात डाल्झेलनं तिचं वर्णन केलं आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्यावरून नाव ठेवलं फ्रेरिया इंडिका. पुढे अभ्यासकांनी तिला दुसऱ्या प्रजातीत हलवलं, तेव्हा अडचण आली: त्या प्रजातीत ‘इंडिका’ हे विशेषण आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेलं होतं आणि एका प्रजातीत एकच नाव दोघींना देता येत नाही. म्हणून तिचं इंडिका गेलं आणि नवं नाव ‘फ्रेरेई’ झालं, म्हणजे ‘फ्रिअरची’. जिला हे विशेषण शंभर टक्के शोभत होतं, जी भारताबाहेर कुठेही उगवत नाही, तिचं ते गेलं, आणि आफ्रिकेच्या चिंचेकडे, अमेरिकेच्या कर्दळीकडे ते सुखानं राहिलं. नियमाच्या बाजूनं मी वर बोललोच, आणि इथेही नियम बरोबरच आहे. पण जुन्या चिठ्ठ्यांवर ‘फ्रेरिया इंडिका’ वाचलं की मला अजून चुटपुट लागते.

एखाद्या विशेषणानं जागा नेमकी सांगावी असं वाटत असेल, तर ‘-एन्सिस’ शेवटाचे शब्द पाहावेत. रानशेवग्याच्या एका जातीचं नाव मोरिंगा कोंकानेन्सिस, ‘कोकणातली’. असे शब्द बहुधा नमुना जिथे सापडला त्या जागेवरून बनतात, म्हणून ते इंडिकाहून जास्त नेमके असतात. चुका त्यांतही होतात, हे होहोबावरून दिसलंच.

आता पाट्या. शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहिणार असाल तर पहिला शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करा, इंडिकाचं पहिलं अक्षर लहान ठेवा आणि दोन्ही शब्द तिरपे काढा. हातानं लिहिताना तिरपं जमत नसेल तर खाली रेघ मारा. देशाच्या नावावरून आलंय म्हणून इंडिका मोठ्या अक्षरानं सुरू करायचा मोह होतो, तो टाळा. मूळ प्रदेश नावावरून न काढता वेगळी ओळ करून लिहा. आंब्याला लिहा: ‘मूळ ईशान्य भारत आणि म्यानमारचा परिसर’. कडुनिंबाला: ‘मूळ भारतीय उपखंडाचा पूर्व भाग आणि म्यानमार’. कर्दळीला: ‘मूळ उष्णकटिबंधी अमेरिका’. आणि चिंचेच्या पाटीला थोडी जास्त जागा ठेवा. तिथे मुलांच्याच अक्षरात येऊ द्या: ‘चिंच. टॅमरिंडस इंडिका. अरबांनी दिलेलं नाव तमर हिंदी, म्हणजे हिंदचा खजूर. मूळ आफ्रिका. आपल्याकडे दोन हजारांहून जास्त वर्षं.’